कोणाचं सोडू, ते सांग

"शेवटचं काय खाल्लं होतं काकांनी?" सांगलीच्या त्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणाले, "काल दुपारी. दोन भाकऱ्या आणि दोडक्याची भाजी." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे पूर्ण दिवस उलटून गेला. साखरेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, आणि पोटात काही नाही?" मी म्हणाले, "उपास होता." "कसला उपास?" आता काय सांगायचं... गणपतीतली एकादशी होती आणि जैनांचं दशलक्षण पर्वही त्याच दिवसांत होतं. मी म्हणाले, "दोन होते." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू औषधाची खरी गरज मलाच आहे. मला त्यांचा राग आला नाही. गेली चाळीस वर्षं मीही माझ्या नवऱ्याकडे तशीच बघत आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिनकर गेले. त्यांना मी आयुष्यभर 'अहो' म्हटलं. इथं नाव लिहिते, कारण आता 'अहो' म्हटलं तर ओ द्यायला कोणी नाही. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "काकू, उपासाचा संबंध नसेलही. हृदय आधीपासूनच कमजोर होतं." हा 'नसेलही' शब्द मी दीड महिना चघळतेय. एक तर 'होता' म्हणा, म्हणजे मी देवांशी भांडायला मोकळी. नाहीतर 'नव्हता' म्हणा, म्हणजे मी गप्प बसते.

तेराव्याच्या दुपारी आमच्या अंगणात लोक जमले आणि दोघा-तिघांनी भाषणं केली. 'सर्वधर्मसमभावाचं चालतंबोलतं उदाहरण आपल्यातून गेलं,' असं त्यांच्या खात्यातले एक निवृत्त साहेब म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मी दारात बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे उदाहरण तुमच्याकडे जेवायला असतं तर कळलं असतं. उदाहरणाला पहाटे रोज्याआधीचं, सहरीचं करून दिलंत का कधी? कांदा-लसूण वगळून चार महिने भाज्या केल्यात? एकादशीचा साबुदाणा भिजवून ठेवलात, आणि ऐन वेळी 'आज निर्जळी करतो' असं ऐकलंत? माणसाला एकाच वेळी अनेक धर्म पाळता येतात का, असं हल्ली मला सांत्वनाला येणारे लोक कौतुकानं विचारतात. कौतुक मला परवडत नाही. मी त्यांना स्वयंपाकघरातून सांगते.

दिनकर कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी घरातले. थोरले भाऊ फौजेत गेले, सुभेदार होऊन परत आले. हे शिकले आणि पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक झाले. कालव्याचं पाणी कोणत्या गावाला, कोणत्या शेताला, किती वेळ सोडायचं, ती पाळी सांभाळायची हे त्यांचं काम. मी मेढ्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची बदली झाली की मागोमाग मीही बदली मागून घ्यायची. लग्न झालं तेव्हा ह्या माणसाला देवाधर्माचं काही नव्हतं. सासूबाई एकादशी करायच्या, तर हे त्यांच्यासमोर बसून अंडी खायचे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा शेवटच्या आठवड्यात त्यांनी मोठ्या मुलाला सोडून ह्यांना जवळ बोलावलं. म्हणाल्या, "दिन्या, माजी एकादशी ऱ्हाईली रं. तेवडी तू चालव." ह्यांनी हो म्हटलं. अंडी खाणाऱ्या माणसानं त्या पंधरवड्यापासून एकादशी धरली ती धरलीच. मला वाटलं, आईचं दुःख आहे, वर्षभरात उतरेल.

मग सांगलीजवळच्या एका गावात बदली झाली. तिथं एका जैन शेतकऱ्याच्या घरात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालकांना सगळे आप्पा म्हणायचे, त्यांच्या बायकोला आक्का. सूर्य मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकायची. भिंत एकच होती, त्यामुळे आम्ही रात्री जेवायला बसलो की मला उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं. पण आप्पांनी कधी एका शब्दानं काही सुचवलं नाही.

त्या दिवसांत दिनकरांना राग फार. रब्बीची पाळी चालू असताना एका तरण्या शेतकऱ्यानं शेतांकडे जाणारी चारी फोडून पाणी आपल्या उसाला वळवलं. खाली शेवटच्या शेतकऱ्याचा हरभरा कोरडा पडला. हे तिथं गेले, बाचाबाची झाली, आणि ह्यांनी हातातली काठी त्याच्या कपाळावर मारली. रक्त आलं. घरी येऊन मोठ्या आवाजात मला सांगत होते, चांगली अद्दल घडवली म्हणून. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का दारात आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "काल आमचं मालक जेवलं न्हाईत. आजबी जेवनार न्हाईत. आमच्या घरातल्या मानसानं रगत काडलं म्हनं." दिनकर म्हणाले, "पण मारलं मी. आप्पांनी उपास कशाला करायचा?" आक्का म्हणाल्या, "तू आमच्या घरात ऱ्हातोस न्हवं?"

मी ह्यांचा चेहरा तेव्हा पाहिला. भाडेकरूच्या रागासाठी घरमालक उपाशी राहतो, हे त्यांच्या आकलनात बसत नव्हतं. ते आधी त्या पोराच्या घरी गेले, त्याची माफी मागितली, आणि मग आप्पांसमोर जाऊन बसले. काय बोलणं झालं ते मला कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं, की ह्यांनी आप्पांना शब्द दिला. त्या वर्षापासून चातुर्मासात चारही महिने सूर्यास्तानंतर अन्न नाही, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. मी तेव्हा आमच्या माधुरीच्या वेळी गरोदर होते. शाळेतून घरी यायला मला सहा वाजायचे. हे कालव्यावरून उशिरा आले तर न जेवता झोपायचे, आणि मी एकटी भिंतीकडे तोंड करून जेवायची. डोहाळे कसले आणि कौतुक कसलं...

खरं सांगायचं तर मी एकदा त्यांना फसवलं. पावसाळ्याचे दिवस, शाळा तपासणी, पोरगी तापानं फणफणलेली, आणि हे म्हणाले, "आज भाजी जरा सपक झालीय." दुसऱ्या दिवशी मी वाटणात लसूण घातला. चांगला अख्खा गड्डा. त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली. मग मीच सांगून टाकलं, त्यांनी चिडावं म्हणून. ते चिडले नाहीत. ताटात हात धुतला, आणि दुसरा अख्खा दिवस उपाशी राहिले. माझ्यासाठी! आप्पांकडून शिकले होते ना. मी रडून ओरडले, "माझ्या रागाचा उपास तुम्ही करायचा नाही! मला निदान रागवू तरी द्या!"

पुढची बदली तासगावच्या बाजूला झाली. तिथं दस्तगीरभाई भेटले. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा वायर भरून चालू करून देणारा कारागीर. सायकलीच्या कॅरिअरला मोटार बांधून गावोगाव फिरायचा. कालव्याच्या कडेनं रस्ता, त्यामुळे दोघांची रोजची गाठ. तेव्हा रमजान भर उन्हाळ्यात आला होता. एका दुपारी दिनकरांनी पाहिलं, की दस्तगीरभाई कालव्याच्या काठावर सावलीला बसलाय, ओठ फुटलेत, समोरून पाणी वाहतंय, आणि तो पीत नाही. घरी आल्यावर ते मला सारखं तेच सांगत राहिले, "सुमन, मी पाण्याचा माणूस. लोक पाण्यासाठी एकमेकांची डोकी फोडतात ते मी रोज बघतो. मी स्वतः फोडलंय. आणि हा माणूस पाण्याच्या कडेला बसून पाणी पीत नाही. कोणी बघत नव्हतं गं. मी झाडाआड होतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी दस्तगीरभाईबरोबर एक रोजा धरला, गंमत म्हणून, सोबत म्हणून. पुढच्या वर्षी पाच. त्याच्या पुढच्या वर्षी अख्खा महिना. दस्तगीरभाईनं त्यांना नमाज शिकवली. शुक्रवारी दोघं बरोबर मशिदीत जायला लागले. आमच्या भागात मोहरमच्या डोल्यांना, म्हणजे ताबुतांना, हिंदूंनी खांदा द्यायचा, हे नवीन नाही. पण तीस रोजे आणि शुक्रवारची नमाज म्हटल्यावर लोक थबकायचे.

बदली झाली की लोक त्या गावची भांडी आणतात, गूळ आणतात. आमचे साहेब उपास आणायचे. आणि नवीन आला म्हणून जुना टाकला असं कधी नाही.

मी त्यांना कितीदा म्हटलं असेन, "अहो, एक काहीतरी ठरवा. माणूस एका वेळी तीन गाड्यांत बसत नाही." एकदा त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "ठरवतो. आईनं मरताना एकादशी दिली. आप्पांना शब्द दिलाय. दस्तगीरबरोबर सुरुवात केलीय. कोणाचं सोडू, ते तू सांग." मला सांगता आलं नाही. आणि सांगता आलं नाही, ह्याचाच मला जास्त संताप आला.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मात्र उत्तर द्यायची वेळ आलीच, आणि ती आणली पंचांगानं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. उन्हाळ्यातून हिवाळ्यात, हिवाळ्यातून मागं सरकत सरकत तो त्या वर्षी दिवाळीपाशी आला, म्हणजे चातुर्मासात शिरला. आम्ही तोवर सांगलीत घर बांधलं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होते आणि माझ्या लक्षात आलं. मी त्यांना हाक मारली. "अहो, इकडे या. रोज्यात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत खायचं नाही. बरोबर? आणि आप्पांच्या शब्दाप्रमाणं सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत खायचं नाही. बरोबर? मग जेवायचं कधी?"

त्यांनी कॅलेंडरच्या तारखांवरून बोट फिरवलं. मला, खोटं कशाला बोलू, जिंकल्याचा आनंद झाला होता. म्हणाले, "असं कसं मी कधी पाहिलं नाही?" मी म्हणाले, "स्वयंपाक करणाऱ्याला दिसतं."

रविवारी आम्ही दोघं एसटीनं आक्कांकडे गेलो. आप्पा जाऊन काही वर्षं झाली होती. आक्का बस्तीतून, म्हणजे तिथल्या जैन देवळातून, नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "खुळं का काय तू? तुला कुनी बंदन घातलंय? तू काय आमच्यात जलमलायस व्हय? खा की सुकानं रातचं. आप्पांनी तुला कवाच मोकळा केला असता." फार मायेनं म्हणाल्या. परत येताना दस्तगीरभाईच्या दुकानात गेलो. तेव्हा त्यांनी सांगलीतच दुकान टाकलं होतं. त्यांनीही ऐकलं, हातातली तार खाली ठेवली, आणि म्हणाले, "साहेब, तुमच्यावर फर्ज न्हाई रोजा. तुमी न्हाई धरला तर काय बी गुना न्हाई. तुमी आप्पांचं पाळा. वहिनींना किती तरास." तेही मायेनंच.

मला वाटलं, सुटले. दोन्हीकडून मोकळीक मिळाली. पण रिक्षात हे माझ्याशेजारी बसले होते ते एकदम म्हातारे दिसायला लागले. कुलूप काढताना म्हणाले, "दोघांनी मला सूट दिली सुमन. सूट बाहेरच्या माणसाला देतात."

मी काय करायला हवं होतं तेव्हा? त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी म्हणाले, "मग तुम्ही बाहेरचेच आहात. आज कळलं का?" आणि आत जाऊन कुकर लावला.

रमजान सुरू झाला आणि त्यांनी दोन्ही धरलं. दिवसा नाही, रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी कालव्यावर चक्कर येऊन पडले. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं उचलून आणलं. मी माधुरीला पुण्याहून बोलावून घेतलं. तिनं बापाला जीव तोडून समजावलं. शेवटी त्यांनी तोड काढली. एक दिवस रोजा, एक दिवस आप्पांचं. म्हणाले, "दोन्ही अर्धं अर्धं." आणि आमच्यासमोर लहान मुलासारखे रडले. धर्म पाळता आला नाही म्हणून रडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. पुढं दहा-बारा वर्षं, रमजान चातुर्मासातून पार निघून जाईपर्यंत, हे असंच चाललं. फ्रिजवर मी कागद लावायचे. आज कोणतं, उद्या कोणतं. ज्या वर्षी रमजान आषाढाच्याही अलीकडे सरकला, त्या वर्षी मी पेढे आणले. कशाचे म्हणून शेजारणीनं विचारलं. काय सांगणार?

त्याच काळात माधुरीचं स्थळ आलं. पाटणकडचे लोक, मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली. संध्याकाळी पाहायला आले. पोहे फिरले. मुलाचे वडील दिनकरांना म्हणाले, "आवं, तुमी बी घ्या की." हे म्हणाले, "मला उपास आहे." तिथं थांबले असते तरी चाललं असतं. ते गृहस्थ सहज म्हणाले, "आज कसला वो उपास?" दिनकर म्हणाले, "रोजा." मी स्वयंपाकघराच्या दारात होते. चमच्यांचे आवाज बंद झाले. मुलाचे वडील मोठ्यानं हसले, मग ही थट्टा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. चहा अर्धा ठेवून लोक उठले. चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप आला.

माधुरी त्या रात्री बापाला म्हणाली, "अण्णा, एक दिवस खोटं बोलला असतात तर काय झालं असतं?" ते म्हणाले, "कोणत्या देवाबद्दल बोलू खोटं?" ती म्हणाली, "देवांचं राहू द्या. मी तुमची कोण?" आणि वर्षभर ती त्यांच्याशी बोलली नाही. पुढं तिनं स्वतः पुण्यात लग्न जमवलं, चांगला संसार केला, बोलायलाही लागली. पण 'मी तुमची कोण' ह्याचं उत्तर तिला मिळालं नाही. मलाही नाही मिळालं. शुक्रवार, एकादशा, चातुर्मास, रमजान... आम्ही दोघांनी बाहेर जाऊन निवांत मिसळ खावी असा एक वार ह्या माणसाकडे शिल्लक नव्हता.

आणि एवढं करून मिळालं काय? कोरेगावच्या गावच्या जत्रेत आमच्या घराला पालखी उचलायचा मान होता. ह्यांना मशिदीत जाताना कोणीतरी पाहिलं आणि भावकीनं सांगितलं, "दिनकर नको. त्यो धड न्हाई." थोरले दीर, सुभेदार, काही बोलले नाहीत. मशिदीत जुनी माणसं गेली, नवी आली. त्यांनी एकदा ह्यांना नीट, अदबीनंच विचारलं, "चाचा, आपण कलमा पढलाय का? पढा, मग आत या. तवर बाहेर बसा." बस्तीत तर ते आपणहूनच बाहेर बसायचे. म्हणजे शेवटी तिन्हीकडे त्यांची जागा चपलांपाशी होती. मी एकदा तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तिथंही ऐकू येतं." मला ह्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तुम्ही रागवा ना एकदा! काठी उगारणारा तो माणूस कुठं गेला? आप्पांनी त्याला असा शांत केला, की माझ्या वाटणीला भांडायलाही कोणी उरलं नाही. भांडण मी एकटीच करत आले.

ते गेले, तेव्हा सुभेदार भाऊजी पहाटेच्या गाडीनं आले आणि सगळं त्यांनी हातात घेतलं. "जसा जलमला तसा जाईल," म्हणाले. मी विरोध केला नाही. दुसरं काय करायचं ते मला तरी कुठं माहीत होतं? कृष्णेकाठी अग्नी दिला. दस्तगीरभाई आले होते. थकलेत आता, काठी घेऊन चालतात. ते लांब, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी माधुरीला त्यांना पुढं बोलवायला पाठवलं. ते आले नाहीत.

मागच्या आठवड्यात एका दुपारी ते घरी आले. मी एकटीच होते. पाणी दिलं, चहा टाकते म्हटलं, तर म्हणाले, "बसा वहिनी. सांगायचं हाय." बराच वेळ काठी हातात फिरवत राहिले. "चाळीस दिस झालं. मशिदीत साहेबांच्या नावानं दुवा मागावी म्हून इचारलं मी. न्हाई म्हनाले. त्येंचं बी खरं हाय, त्येंच्या कायद्यात बसत न्हाई."

मी आधीच भरलेली होते. म्हणाले, "मग हे मला सांगायला कशाला आलात? मला माहीत नव्हतं का? तिन्हीकडं तेच तर झालं आयुष्यभर."

ते माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "घरात मागतो मी. रोज. त्ये सांगाया आलो."

"चालतं का तसं?"

"म्हाईत न्हाई."

इतक्या वर्षांत मला भेटलेला हा पहिला माणूस, जो ह्या विषयावर 'माहीत नाही' म्हणाला. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तवा दुकानात मी त्याला बोल्लो, तुज्यावर फर्ज न्हाई. बरं वाटावं म्हून बोल्लो वहिनी. पर त्याचं तोंड बगितलं आन् मला कळलं. मी म्हनाया पायजे व्हतं, व्हय गड्या, लय अवगड हाय, बगू कायतरी वाट. आपला मानूस असता तर तसंच म्हनलो असतो." साहेब म्हणणारा हा माणूस त्यांना गड्या म्हणत होता, ते गेल्यावर. मी म्हणाले, "मी तर त्यांना म्हणाले होते, तुम्ही बाहेरचेच आहात. त्याच दिवशी. कुलूप काढताना." दस्तगीरभाईंनी मान वर केली नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "साहेब कुठं बसायचे?" मी त्यांना मागची लहान खोली दाखवली. धान्याच्या कोठीशेजारी दिनकरांनी जागा रिकामी ठेवली होती. पहाटे आणि संध्याकाळी ते तिथं अर्धा अर्धा तास बसायचे. कोणाचं काय म्हणायचे, त्यांचं त्यांना ठाऊक. दस्तगीरभाई उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "तोंड कुठं करून बसायचे?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. नमाजेसारखं पश्चिमेला? पूजेसारखं पूर्वेला? खिडकीकडे की कोठीकडे? रोज पहाटे, रोज संध्याकाळी, इतकी वर्षं हा माणूस माझ्या घरात बसत होता, आणि त्या प्रत्येक वेळी मी स्वयंपाकघरात होते. ओट्याकडे तोंड, त्यांच्याकडे पाठ. भांडी आपटत. त्यांना ऐकू जावं म्हणून जरा जास्तच आपटत.

"मी पाहिलं नाही," मी म्हणाले.

काठी भिंतीला टेकवून, गुडघ्यांवर हात देत, दस्तगीरभाई सावकाश खाली बसले, त्यांना वाटलं त्या दिशेला. चहा गॅसवर उकळत होता. मी आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन त्या खोलीच्या दारात, ते उठेपर्यंत, उभी राहिले.